मधला डबा आणि फिरता दांडा : जीपच्या पोटातली चारशे वर्षं

हेडफोन लावलेत? लावा, कारण आजचा भाग गाडीखाली झोपून ऐकायचा आहे. म्हणजे खरंच झोपू नका, पण मनानं तरी गाडीखाली जायचंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिखित भाग.

सुरुवात एका फजितीनं करतो. फजिती माझीच आहे, म्हणून मोकळेपणानं सांगतो.

माझ्या मामांकडे एक जुनी जीप आहे. उंच बॉनेटची, जुन्या सीजे-थ्रीबी बांधणीची. वाईच्या बाजूला डोंगरात त्यांची थोडी जमीन आहे, तिथं जायला तीच लागते. मागच्या वर्षी मी मामांच्या मागे लागून जीपचे पाटे बदलून घेतले आणि गाडी चार इंच उचलली. मोठे टायर बसवले. गाडी कशी दिसायला लागली म्हणता! फोटोला लाइक्सही भरपूर आले. मग एका रविवारी मी मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत मागचा जॉइंट शाफ्ट उघडला, साफ केला, ग्रीस भरलं आणि परत लावला. त्यानंतर गाडीखालून एक गुरगुर यायला लागली. मामा म्हणाले, "अरे, हा आवाज आधी नव्हता." मी म्हणालो, "मामा, मोठे टायर आहेत, तेवढं होणारच."

तीन आठवड्यांनी चढावर, दोन चाकांच्या ड्राइव्हवर असताना, खाली काडकन आवाज झाला. इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी जागची हलेना. मागचा क्रॉस तुटला होता. मामांनी पायानं ब्रेक दाबला आणि हँडब्रेक पूर्ण ओढला. पाय जरा सैल केला, तर गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढलेला असताना! डाव्या हाताला दरी. मी आणि मामेभावानं उड्या टाकल्या, चाकांमागे दगड लावले. तोपर्यंत मामांचा पाय ब्रेकवरून हलला नाही.

हँडब्रेक का धरला नाही? त्याची तार तुटलेली नव्हती, लायनिंगही शाबूत होतं. उत्तर शोधता शोधता मी थेट सोळाव्या शतकात जाऊन पोचलो. तोच प्रवास आज तुम्हाला घडवतो.

वाकडं फिरवायचं कसं?

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला बांधलेले असतात. मागचं अ‍ॅक्सल पाट्यांवर असतं आणि खड्ड्याबरोबर वरखाली होतं. म्हणजे ताकद देणारी वस्तू स्थिर आणि घेणारी सतत नाचणारी. दोघांमध्ये सरळ लोखंडी दांडा घट्ट बांधला, तर पहिल्याच खड्ड्यात काहीतरी मोडेल. वाकूनही फिरत राहील असा जोड हवा.

त्या जोडाला आपण गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतो, कारण मधला तुकडा अधिक चिन्हासारखा असतो. युरोपात त्याला 'कार्डन जॉइंट' म्हणतात. हे नाव जेरोलामो कार्डानो या इटालियन माणसाचं. तो वैद्य होता, गणिती होता आणि जुगारीही होता. १५५० च्या आपल्या ग्रंथात त्यानं एकात एक अडकवलेल्या कड्यांची रचना वर्णन केली. बाहेरचं कसंही हललं तरी आतली वस्तू सरळ राहते, अशी ती युक्ती. जहाजावरचं होकायंत्र याच पद्धतीनं टांगतात. मात्र फिरणाऱ्या दांड्यासाठी हा जोड कसा वागतो, हे खोलात जाऊन पाहिलं ते इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं. तोच तो स्प्रिंगच्या नियमाचा हूक, ज्यानं आपल्याला अकरावीत छळलं. १६७६ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यानं हा जोड मांडला आणि 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नावही वापरलं. त्याला गाडी चालवायची नव्हती, त्याचा विषय होता खगोलशास्त्राची उपकरणं. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पोरांना हा 'हूक्स जॉइंट' म्हणूनच शिकवतात.

हूकच्या लक्षात आलेली एक गोष्ट इथं फार महत्त्वाची आहे. हा जोड वाकलेला असला की एकसारखा फिरत नाही! आत जाणारा दांडा अगदी एका लयीत फिरत असला, तरी बाहेर पडणारा दांडा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. आकडा घ्या. आतला दांडा मिनिटाला १००० फेऱ्या घेतोय आणि जोड २० अंशात वाकलाय. बाहेरच्या दांड्याचा वेग सतत ९४० आणि १०६४ च्या मध्ये हेलकावत राहतो. सरासरी १०००च येते, पण तो हेलकावा म्हणजेच थरथर, आणि थरथर म्हणजे हळूहळू मरण.

यावर उपाय असा की दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक जोड द्यायचा. पहिल्यानं केलेली गडबड दुसरा उलटी करून मिटवतो. पण दोन अटी आहेत. एक, दोन्ही जोडांचे कोन सारखे हवेत. दोन, दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत हवेत. दुसरी अट चुकली, तर गडबड मिटण्याऐवजी त्यात भर पडते. ही अट लक्षात ठेवा, मामांच्या जीपकडे परत जायचंय.

साखळीतून सुटका

हूकनंतर सव्वादोनशे वर्षं गेली. मोटारी आल्या. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत मागची चाकं चक्क साखळीनं फिरायची, सायकलसारखी. धूळ, चिखल, आवाज, आणि साखळी तुटली की चालणं आलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या तरुणानं मोटारीसाठी बंदिस्त, आत वंगण टिकवणारा युनिव्हर्सल जॉइंट तयार केला. १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डमध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. पुढे चार्ल्स डॅना यांनी या कंपनीची सूत्रं हाती घेतली आणि १९४६ मध्ये तिचं नावच 'डॅना' झालं. आजही जीपवाले 'डॅना'चं अ‍ॅक्सल म्हणतात, ते हेच.

विचार करा, मूळ कल्पना दोनशे वर्षं पुस्तकात होती. कमी होती ती धूळ बाहेर आणि ग्रीस आत ठेवायची सोय. शोध आणि वापर यांच्यात कधी कधी एवढंसं ग्रीस असतं!

चारही चाकं : क्लिंटनव्हिलचा लोहार

आता दुसरं पात्र, ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून ताकद एका दांड्यानं बाहेर येते. पुढची आणि मागची, दोन्ही अ‍ॅक्सल फिरवायची असतील, तर त्या ताकदीला दोन वाटा फोडाव्या लागतात. ही वाटणी करणारा मधला डबा म्हणजे ट्रान्सफर केस. त्यातून एक शाफ्ट पुढे जातो, एक मागे.

चार चाकांना ताकद द्यायची खटपट जुनी आहे. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी १९०३ च्या सुमारास पेट्रोलवर चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह रेसिंग कार केली होती. पण चिखलात उपयोगी पडेल असं काम झालं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, क्लिंटनव्हिल या छोट्या गावात. तिथला लोहारकाम आणि यंत्रकाम करणारा ऑटो झाकाव आणि त्याचा मेव्हणा विल्यम बेसरडिच यांनी पुढच्या चाकांना ताकदही मिळेल आणि ती वळतीलही असा जोड बसवला. १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. यातूनच 'एफडब्ल्यूडी' ही कंपनी उभी राहिली आणि पहिल्या महायुद्धात तिचे तीन टनी मॉडेल बी ट्रक हजारोंनी ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याकडे गेले. घोडे जिथं पोटापर्यंत रुतायचे, तिथं हे ट्रक तोफगोळे वाहायचे.

म्हणजे १९१८ पर्यंत युनिव्हर्सल जॉइंट, शाफ्ट आणि ताकद वाटणारा डबा, सगळं जमलं होतं. पण ट्रकच्या आकारात. ते छोट्या गाडीत कोंबायला दुसरं युद्ध यावं लागलं.

४९ दिवसांची गाडी

जुलै १९४०. अमेरिकी सैन्यानं हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. मुदत अशक्य होती, पहिला नमुना ४९ दिवसांत! पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही डबघाईला आलेली कंपनी पुढे आली. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरनं आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी लष्कराच्या दारात उभी केली. एवढ्या वेळात नवी अ‍ॅक्सल कोण बनवणार? म्हणून स्टुडबेकर मोटारीच्या अ‍ॅक्सलमध्ये बदल करून घेतले. ते काम केलं स्पायसरनं.

पुढे विलीज आणि फोर्डही आले आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. विलीज एमबीच्या पोटात जो मधला डबा होता तो 'स्पायसर मॉडेल १८'. नंतर लोक त्याला 'डॅना १८' म्हणायला लागले. १९४१ पासून १९७१ पर्यंत तो जीपमध्ये बसत राहिला, म्हणजे तब्बल तीस वर्षं!

त्या डब्याची रचना बघण्यासारखी आहे. गिअरबॉक्सकडून आलेली ताकद मधल्या एका गिअरवर जाते आणि तिथून खालच्या बाजूच्या गिअरवर. म्हणून जीपचा मागचा शाफ्ट गाडीच्या बरोबर मध्यातून जात नाही, एका बाजूला सरकलेला असतो. गाडी कुठल्याही गिअरमध्ये असो, ताकद या दातांमधूनच जाते. जुन्या जीपचा तो ओळखीचा 'घूंऽऽ' आवाज आठवतो? तो बराचसा इथला.

ड्रायव्हरजवळ तीन दांडे असायचे. एक नेहमीच्या गिअरचा, एक पुढचं अ‍ॅक्सल जोडायचा, आणि तिसरा हाय आणि लो बदलायचा. एमबीमध्ये 'लो' म्हणजे १.९७ पट. गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.६७ आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.८८. तिन्हींचा गुणाकार सुमारे २६. म्हणजे इंजिनचा पीळ चाकापर्यंत पोचताना २६ पट होतो आणि वेग तितकाच कमी.

यात स्पायसरवाल्यांनी एक शहाणपणाची खुंटी ठेवली होती. पुढचं अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय 'लो' पडतच नाही! का? कारण 'लो'चा वाढलेला पीळ एकट्या मागच्या शाफ्टवर आणि अ‍ॅक्सलवर आला तर ते मोडतील. तो भार दोघांनी वाटून घ्यावा, म्हणून हे बंधन. पुढच्या काळात कित्येक हौशी लोकांनी दोन चाकांवर 'लो' मिळावा म्हणून ती खुंटी काढून टाकली. ती तिथं कशासाठी बसवली होती, हे मात्र थोड्यांनीच विचारलं.

आणि आता आमच्या दरीकाठच्या प्रश्नाचं उत्तर. या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो! त्याचा छोटा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर, शाफ्टच्या मुळाशी असतो. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. रचना साधी, स्वस्त आणि जोरकस. अ‍ॅक्सलचं गुणोत्तर मध्ये असल्यानं लहानसा ड्रमही गाडी रोखतो. पण शाफ्ट तुटला की ब्रेक रिकाम्या तोंडाला धरून बसतो आणि चाकं मोकळी. आमचं नेमकं हेच झालं. हँडब्रेकनं त्याचं काम चोख केलं होतं, फक्त तो चाकांना जोडलेलाच नव्हता.

युद्ध संपलं, सुधारणा सुरू झाल्या

१९४५ मध्ये विलीजनं शेतकऱ्यांसाठी सीजे-टूए आणली. ट्रान्सफर केसच्या मागच्या झाकणातून ताकद बाहेर काढून करवत, पंप असं काहीही चालवता यायचं. 'लो' १.९७ वरून २.४६ झाला. इथून मला या इतिहासातलं एक सूत्र दिसायला लागलं. एक दुवा मजबूत केला की भार पुढच्या दुव्यावर सरकतो.

डॅना १८ मधला, मधला गिअर ज्यावर फिरतो तो आडवा दांडा बघा. एमबीमध्ये तो पाऊण इंच जाड होता, म्हणजे १९ मिलिमीटर. तो झिजायचा, बेअरिंग खिळखिळी व्हायची, गिअर आपोआप सुटायचा. मग तो सव्वा इंचाला जरा कमी, म्हणजे २८.६ मिलिमीटर केला. शेवटी पूर्ण सव्वा इंच झाला. तीस वर्षांतला हा सगळा प्रवास जेमतेम अर्ध्या इंचाचा आहे. पण जंगलात, शेतात, खाणीत मोडलेल्या कितीतरी डब्यांचा अनुभव त्या अर्ध्या इंचात आहे.

दुसरी सुधारणा सामान्य मालकांच्या गरजेतून आली. लष्कराच्या जुन्या जीप स्वस्तात विकायला निघाल्या, पण डांबरी रस्त्यावर पुढचं अ‍ॅक्सल आणि शाफ्ट उगाचच फिरत राहायचे, झिजायचे. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी पुढच्या चाकांना लावायचे लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. हब मोकळे केले की पुढचा शाफ्ट शांत. चिखल आला की उतरायचं, हब फिरवायचे, पुढे जायचं. विंचसाठी प्रसिद्ध असलेल्या वॉर्न कंपनीची सुरुवात अशी झाली.

माझगाव ते इगतपुरी

आता आपल्याकडे या. २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सुरुवातीला सुट्ट्या भागांत आलेल्या विलीज जीप मुंबईत माझगावला जोडल्या जायच्या. मग हळूहळू भाग इथंच बनायला लागले.

म्हणजे टोलेडोचा तो मधला डबा माझगावमार्गे आपल्या घाटात आला. सरकारी खात्यांची जीप, पोलिसांची जीप, प्रचाराची जीप. आपल्या आजोबांच्या आठवणीत 'साहेब आले' याचा आवाज म्हणजे तोच 'घूंऽऽ'. १९८० च्या दशकात प्यूजोच्या आराखड्याचं डिझेल इंजिन आलं, जे इगतपुरीच्या कारखान्यात बनायचं. डिझेलचा हिसका पेट्रोलपेक्षा कडक, त्यामुळे क्रॉस आणि बेअरिंगकडे लक्ष ठेवणं आणखी गरजेचं झालं.

आणि वडाप! पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला वडाप सांगायला नको. दहा सीटच्या गाडीत वीस माणसं, टपावर पोती, मागे लटकलेले आणखी चार. यातल्या बऱ्याच गाड्या दोन चाकांच्या ड्राइव्हच्या, म्हणजे ट्रान्सफर केस नाही. पण जॉइंट शाफ्ट तोच, क्रॉस तोच. 'क्रॉस वाजतोय' हे वाक्य त्या ड्रायव्हरच्या कानात कायम असायचं. गिअरमध्ये टाकताना 'टक्' आवाज आला की तो स्टँडवरच गाडीखाली शिरून ग्रीस मारायचा. त्याच्याकडे मोबाईल नव्हता, व्हिडिओ नव्हता. पण आवाजाचा अर्थ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होता, हे मी आज कबूल करतो.

२०१० मध्ये थार आली तेव्हा जुना डबा जाऊन बोर्गवॉर्नरचा ट्रान्सफर केस आला. आजची थार नाशिकला बनते. तीस-चाळीस वर्षं आपण जीपचा जो सांगाडा बघत आलो, तो हळूहळू पोटातून बदलत गेला.

उंच गाडी, छोटा शाफ्ट

आता ज्याला सगळे 'अपग्रेड' म्हणतात, तिकडे वळू. कॅलिफोर्नियात सिएरा नेव्हाडाच्या डोंगरात रुबिकॉन ट्रेल नावाची दगडांची वाट आहे. १९५३ पासून तिथं जीपवाल्यांचा जांबोरी भरतो. मोठे दगड ओलांडायचे म्हणजे मोठे टायर हवेत. मोठ्या टायरला जागा हवी, म्हणून गाडी उचलायची. मोठे टायर हळू फिरवायला जास्त पीळ हवा, म्हणून आणखी खालचा 'लो'. २००३ मध्ये जीपनं रँग्लर रुबिकॉन आणली. तिच्या ट्रान्सफर केसचा 'लो' ४ पट होता. २००७ च्या रुबिकॉनमध्ये पहिला गिअर ४.४६, लो ४ आणि अ‍ॅक्सल ४.१०, गुणाकार ७३. एमबीचा २६ आठवा.

पण चाकाआधी शाफ्ट आहे ना? त्याच्यावरचा भार बघा. इंजिनचा पीळ तोच धरला, तरी एमबीमध्ये शाफ्टवर तो सव्वापाच पट व्हायचा, इथं जवळजवळ १८ पट. म्हणून 'लो' बदलणाऱ्यानं शाफ्ट आणि क्रॉस बघितलाच पाहिजे. एकटा डबा बदलणं म्हणजे पैलवानाचा दंड बालवाडीतल्या पोराच्या मनगटाला जोडणं.

उचलण्याचा परिणाम तर आणखी सरळ आहे. जुन्या जीपचा मागचा शाफ्ट जेमतेम हातभर लांब. समजा २० इंच. गाडी ४ इंच उचलली की त्याचा कोन सुमारे ११ अंशांनी वाढतो. तोच शाफ्ट ४० इंच असता, तर सुमारे सहा अंशांनी. म्हणून छोट्या जीपला उचल जास्त झोंबते.

रँग्लरच्या जुन्या पिढीत आणखी एक अडचण होती. तिच्या एनपी-२३१ ट्रान्सफर केसमध्ये मागच्या शाफ्टचं तोंड डब्याच्या लांब शेपटीत आतबाहेर सरकायचं. त्या शेपटीमुळे शाफ्ट आखूड, आणि शाफ्ट निखळला तर डब्यातलं तेल रस्त्यावर. उपाय असा निघाला : शेपटी कापून आत छोटा, जाड दांडा बसवायचा आणि बाहेर बोल्टनं घट्ट होणारं तोंड लावायचं. सरकण्याचं काम शाफ्टमध्येच घ्यायचं. काही इंच वाचले, शाफ्ट लांब झाला, कोन कमी झाला. मग डब्याकडच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस जवळजवळ लावायचे, म्हणजे डबल कार्डन. हूकची गडबड तिथल्या तिथे मिटते. मात्र मग खालच्या टोकाचा कोन जवळपास शून्य हवा, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलचं तोंड वर, शाफ्टकडे फिरवावं लागतं. नुसता महाग शाफ्ट आणून लावला आणि अ‍ॅक्सल तसंच ठेवलं, तर थरथर जात नाही.

म्हणजे बघा, हूकनं जे कागदावर मांडलं, त्याचंच बिल आपण गॅरेजमध्ये भरतोय.

परत घाटात

आमच्या त्या दिवसाचं पुढं काय झालं? रेंज नव्हती. मामेभाऊ चढून वर गेला, तालुक्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "मागचा शाफ्ट सोडवून गाडीत टाका. पुढचे हब लावा, पुढचं अ‍ॅक्सल जोडा. मग हँडब्रेक पण धरेल, गाडी पण चालेल." आणि खरंच! पुढचं अ‍ॅक्सल जोडल्यावर तो छोटा ड्रम पुढच्या शाफ्टमार्फत पुढच्या चाकांना धरायला लागला. आम्ही पुढच्या दोन चाकांवर घरी आलो.

मिस्त्रींनी शाफ्ट हातात घेतला, एकदा फिरवला आणि मला जवळ बोलावलं. शाफ्टचे दोन भाग जिथं एकमेकांत सरकतात, तिथं दोन बाण कोरलेले होते. ते समोरासमोर नव्हते. "पोरा, हे उघडलं कोणी?" मी गप्प. साफ करून परत बसवताना मी दातांचं घर चुकवलं होतं. दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळीत राहिले नाहीत. एक तर उचललेल्या गाडीचा मोठा कोन, त्यात ही चूक. दोन्ही टोकांची गडबड मिटायच्या ऐवजी भर पडत गेली. तीन आठवडे तो शाफ्ट ओरडून सांगत होता आणि मी टायरवर ढकलत होतो.

मामा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "आता नीट करू." ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग आम्ही काय केलं? उचल निम्मी केली. शाफ्ट बॅलन्स करून घेतला, दोन्ही क्रॉस नवे टाकले, बाण जुळवले आणि त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. ट्रान्सफर केस उघडून मधला दांडा आणि बेअरिंग नवे घातले. 'लो'ची खुंटी जागेवर ठेवली. आणि सीटखाली दोन लाकडी ठोकळे कायमचे ठेवले, चाकामागे लावायला. एवढंच. फोटोत काहीही दिसत नाही.

जाता जाता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठामपणे सांगितलं आहे. झिजलेला भाग त्याच मापाचा बदलणं वेगळं आणि गाडीचा ढाचा बदलणं वेगळं. उचल करण्याआधी मी हे वाचायला हवं होतं, तुम्ही तरी वाचा.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी जुनी जीप, जिप्सी किंवा थार घेऊन डोंगरात जात असेल, तर आजच्या भागातनं एकच काम करा. पुढच्या वेळी सपाटीवर गाडी लावा, चाकांमागे ठोकळे ठेवा, इंजिन बंद करा आणि खाली वाकून शाफ्ट हातानं हलवून बघा. क्रॉस खुळखुळतोय का? बाण समोरासमोर आहेत का? तुमचा हँडब्रेक नक्की कशाला धरतो, चाकाला की शाफ्टला? गाडी उचलायच्या आधी या तीन प्रश्नांची उत्तरं माहीत असू द्या. आम्हाला ती दरीकाठी कळली.

हा भाग मामांना ऐकवला. म्हणाले, "चांगला झालाय. पण बाणाचं सुरुवातीलाच सांगायला हवं होतंस." बरोबर आहे त्यांचं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गाडीचा आवाज ऐकत राहा.